द्राक्षभूमि आणि सागरतीर : एक पहिली सहल



प्रवासाला जावयाचें असें एकदां घरांत ठरलें म्हणजे पहिला वाद पैशाचा होत नाहीं, तो किती ठिकाणें पाहावयाचीं याचा होतो. पांच-सहा दिवसांची रजा, घरांतील सहा माणसें आणि कागदावर उतरविलेलीं अकरा गांवें, हा हिशेब नांदेडांतील कोणत्याही सुशिक्षित घरांत दिवाळीनंतर मांडलेला दिसेल. अलीकडे या यादींत इटलीचेंही नांव डोकावूं लागलें आहे. टस्कनीच्या टेकड्या, त्यांवरील द्राक्षवेलींच्या सरळ रांगा आणि तेथून दोन-तीन तासांवर निळा समुद्र, हीं चित्रें वारंवार पाहिल्यावर तरुण मंडळींस आपणही एकदां असा प्रवास करावा असें वाटावें यांत नवल नाहीं. ही इच्छा मी हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु पासपोर्ट, व्हिसा, विमानाचें भाडें आणि परक्या भाषेची धास्ती एवढें सारें पहिल्याच छोट्या सहलीच्या माथीं मारण्याचें कारण नाहीं. द्राक्षभूमि आणि सागरतीर यांची जोड आपल्या महाराष्ट्रांतही आहे. आणि नांदेडच्या माणसास तर ती विशेष जवळची आहे, कारण आपल्या घाटांवरून वाहणारी गोदावरी ज्या मुलुखांतून निघते तोच हा मुलूख. नाशिक, त्र्यंबक, जव्हार आणि डहाणू-बोर्डी, एवढीच ती वाट. तिची आंखणी कशी करावी, तें आज सांगावयाचें आहे.

ठिकाणांची यादी क्षणभर बाजूला ठेवून आधीं महिना ठरवावा. द्राक्षांच्या मुलुखांत वेळ चुकली म्हणजे पाहण्यासारखें फारसें उरत नाहीं. उरतात त्या तारा, खांब आणि उघडे बुंधे. इटलींत थंडीच्या दिवसांत वेल झोंपी जातो. पानें गळतात, हिंवाळ्यांत एकदां छाटणी होते, वसंतांत पालवी फुटते आणि ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी चालते. तेथें जाणाऱ्यानें म्हणूनच सप्टेंबर गांठावयाचा असतो. आपल्याकडे वेलास झोंप यावी इतकी थंडी पडत नाहीं. आपल्या शेतकऱ्यानें कात्रीच्या बळावर वेलाचें वर्ष स्वतःच घडविलें आहे. फळ उतरल्यानंतर एप्रिलमध्यें खरड छाटणी करावयाची. तिच्यामागून जी नवी काडी येते तिच्यांत पुढील पिकाचे डोळे तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोडी छाटणी करावयाची. तिच्यामागून घड बाहेर पडतात. दोनदां छाटावें तेव्हां एकदां फळ मिळावें, असा हा उष्ण देशांतील द्राक्षशेतीचा व्यवहार आहे. त्यामुळें आपली तोडणी जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत, कांहीं ठिकाणीं एप्रिलपर्यंतही, चालते. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ या सहलीस सर्वांत उत्तम. खाण्याचीं द्राक्षें आणि मद्याचीं द्राक्षें, दोन्ही तेव्हां वेलावर असतात, हवा कोरडी व सुखाची असते आणि किनाऱ्यावर घामाच्या धारा लागत नाहींत. रात्रीं मात्र निफाडकडील थंडी बोंचरी असते. राज्यांतील नीचांकी तपमानाची बातमी पुष्कळदां त्याच गांवाहून येते. लोंकरीचे कपडे नांदेडासच ठेवून जाऊं नयेत.

एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. दर बारा वर्षांनीं नाशिक-त्र्यंबकास सिंहस्थ भरतो. मागील सिंहस्थ २०१५ सालीं झाला, त्यापुढील २०२७ चा. त्या वर्षींच्या पावसाळ्यांत द्राक्षें पाहण्यासाठीं म्हणून कोणीं तिकडे वळूं नये. त्या दिवसांत वेलांवर द्राक्षें नसतात आणि नाशकांत उतरावयास जागा नसते.

आतां जाण्याची वाट. नांदेडहून सकाळीं निघणारी तपोवन एक्सप्रेस सायंकाळीं नाशिक रोडास पोंचते. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत गाडीही नांदेडपर्यंत आली असून ती पहाटे निघून दुपारपूर्वींच नाशकास आणून सोडते; तथापि वृद्ध मंडळी बरोबर असतील तर पहाटेची धांवपळ टाळून तपोवनानेंच जावें असें मी म्हणेन. एके काळीं या प्रवासांत मनमाडास गाडी बदलावी लागे. निजामाच्या राज्यांतून विसाव्या शतकाच्या आरंभीं आलेला गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग अरुंद मीटर मापाचा होता, आणि मनमाडपुढील मार्ग मोठ्या मापाचा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आपला मार्ग रुंद झाला, तेव्हां कोठें नांदेडची वळकटी हमालाच्या डोक्यावर न चढतां थेट नाशकास जाऊं लागली.

दिवसाच्या गाडीचा दुसरा लाभ असा कीं खिडकींतून अर्धी सहल घडते. छत्रपती संभाजीनगर सुटल्यावर दौलताबादचा किल्ला दिसतो. चौदाव्या शतकांत तेथें येऊन गेलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानें दौलताबादेस द्राक्षें आणि डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात असें लिहून ठेविलें आहे. म्हणजे द्राक्षांचें वैभव आज नाशकाकडे गेलें असलें तरी मराठवाड्याला हें फळ परकें नव्हे. मनमाड मागें पडलें कीं लासलगांवचा कांदा, आणि त्यानंतर निफाडच्या आसपास लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मांडव दिसूं लागतात. मुलांना त्या वेळीं झोंपूं देऊं नये.

नाशकांत दोन रात्री राहावें. अधिक नको, कमीही नको. द्राक्षांच्या मळ्यांतच उतरण्याची सोय आतां पुष्कळ ठिकाणीं झाली आहे, पण ती महाग पडते आणि शनिवार-रविवारीं मुंबई-पुण्याची गर्दी तेथें लोटते. आपण सोमवारीं नांदेडहून निघून मंगळवार-बुधवार नाशकास काढावे. खोली शहरांत घ्यावी, मोटार एका दिवसापुरती ठरवावी. सकाळीं खाण्याच्या द्राक्षांचा एक मळा आणि दुपारीं मद्याचा एक कारखाना, एवढाच कार्यक्रम ठेवावा. एका दिवसांत चार कारखाने पाहिलेली मंडळी मला भेटलीं आहेत. चौथ्या कारखान्यांत काय पाहिलें हें त्यांपैकीं एकासही सांगतां आलें नाहीं, आणि त्याचें कारण सर्वस्वीं विसराळूपणाच होता असें म्हणवत नाहीं.

मळा दिंडोरी, ओझर किंवा पिंपळगांव-बसवंतकडील पाहावा. तोडणीचे दिवस म्हणजे मळेवाल्याची परीक्षेची वेळ असते, यास्तव आगाऊ विचारल्याविना जाऊं नये आणि घडास हात लावूं नये. मण्यांवरची पांढुरकी लव बोटानें पुसली गेली तर परदेशीं जाणारा घड तेवढ्यावरून बाजूला काढला जातो. मांडवाखालीं उभे राहून शेतकऱ्याला गोडीविषयीं विचारावें. खाण्याचें द्राक्ष केव्हां तोडावें हें तो रसाचा थेंब एका लहानशा दुर्बिणीवजा यंत्रांत घालून पाहतो. रसांत साखर किती तें त्यांत दिसतें. गारा आणि अवेळचा पाऊस यांविषयीं मात्र विचारावें लागत नाहीं, तें तो आपण होऊन सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आपल्या मराठवाड्यानेंही सोसली आहे. हरभरा गेला तर एक हंगाम गेला. द्राक्षाचा मांडव कोसळला तर कर्ज काढून उभें केलेलें कैक वर्षांचें भांडवल जमिनीवर येतें.

मद्याच्या द्राक्षांची कथा निराळी आणि पुष्कळ अलीकडची आहे. महाराष्ट्रांत या धंद्याचा गाजलेला आरंभ नाशकास झाला नाहीं. तो १९८० नंतर पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवास श्यामराव चौगुले यांनीं केला. तेथील फेंसाळ मद्य ओमर खय्याम या नांवानें परदेशीं गेलें. नाशकास राजीव सामंत हे अमेरिकेंतील नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले, आणि त्यांच्या सुला कारखान्याचें पहिलें मद्य २००० सालीं निघालें. पुढच्याच वर्षीं, २००१ सालीं, राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठीं धोरण जाहीर केलें, विंचूरास स्वतंत्र उद्यान काढलें, आणि पाहतां पाहतां कारखान्यांची रांग लागली. २००८-०९ च्या मंदींत हा बहर ओसरला. कित्येक कारखाने बंद पडले, आणि ज्यांनीं मोठ्या उमेदीनें मद्याचे वेल लावले होते त्यांपैकीं अनेकांनीं ते उपटून पुन्हां खाण्याचीं द्राक्षें लावलीं. आज जे सुंदर सज्जे आणि कांचेचे पेले आपण पाहतों त्यांच्या मागें हा इतिहास आहे, हें मुलांना सांगण्यास हरकत नाहीं. टस्कनींत चियांतीच्या द्राक्षभूमीच्या सीमा तेथील अधिपति तिसरा कोझिमो यानें १७१६ सालीं जाहीरनाम्यानें आंखून दिल्या. त्या भागांतील घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या एकेका उतारावर काय पिकतें तें पारखलें आहे. आपलें सारें पंचवीस-तीस वर्षांचें. तेव्हां तुलना करतांना जिव्हेबरोबर थोडा विवेकही वापरावा.

कारखान्यांत काय पाहावें? मुख्य गोष्ट एकच आहे. काळ्या द्राक्षांचा रसही पिळल्याबरोबर बहुधा पांढुरकाच असतो. रंग असतो तो सालींत. तांबडें मद्य करावयाचें तर रस सालींसह आंबवितात, पांढरें करावयाचें तर आधीं पिळून साली काढून टाकतात, आणि गुलाबी करावयाचें तर साली थोडा वेळच राहूं देतात. आंबविणें म्हणजे किण्वानें साखर खाऊन तिचें मद्यार्क आणि कार्बन वायु यांत रूपांतर करणें. या क्रियेंत उष्णता निर्माण होते, ती आवरली नाहीं तर वास उडून जातो. म्हणून त्या पोलादी टांक्यांभोंवतीं थंड द्रवाचें वेष्टण खेळविलेलें असतें. आपल्या घरीं इडलीचें पीठ उन्हाळ्यांत लवकर आणि थंडींत उशिरा फुगतें हें ज्या गृहिणीस ठाऊक आहे तिला येथील यंत्रज्ञाचें बोलणें सर्वांआधीं समजतें.

आतां जो प्रश्न घरोघर निघतो त्याला सामोरें जाऊं. आजी विचारतात, “अरे, मुलाबाळांना घेऊन दारूच्या कारखान्यांत जायचें का?” हा प्रश्न हंसून उडवूं नये. कारखाना पाहणें आणि मद्य घेणें हीं दोन निराळीं कामें आहेत, आणि पहिलें दुसऱ्याविना पुरें होऊं शकतें. ज्यांना घ्यावयाचें नाहीं त्यांना बहुतेक ठिकाणीं द्राक्षाचा साधा रस मिळतो. एकवीस वर्षांखालील कोणासही वाईन देण्यास आपल्या राज्याच्या कायद्यानें मनाई आहे. चव घेण्याची रीत अशी कीं पेला उजेडांत धरून रंग पाहावा, हळूच फिरवून वास घ्यावा, एक लहान घोट तोंडांत खेळवावा आणि जवळ ठेवलेल्या पात्रांत थुंकून टाकावा. आपल्याकडे थुंकणें म्हणजे असंस्कृतपणा, म्हणून मंडळी संकोचानें सर्व गिळून टाकतात आणि पांचव्या पेल्यास संकोचही संपतो. येथें थुंकणें हाच शिष्टाचार आहे. उपाशीं पोटीं चव घेऊं नये. आणि मोटार चालविणाऱ्यानें पेल्यास स्पर्शही करूं नये. औषधाच्या दुकानांतील द्राक्षासव आणि हें मद्य एकच, असें सांगून आजींची समजूत काढणारे विद्वानही प्रत्येक कुटुंबांत एक तरी असतातच. त्यांना बोलूं द्यावें, पण ऐकूं नये.

सायंकाळीं मंडळी गंगापूर धरणाच्या जलाशयाकांठीं येतात. आसपासचे द्राक्षमळे आणि मद्याचे कारखाने या पाण्याच्या परिसरांतच आहेत. सूर्य पलीकडील डोंगरांआड उतरतो, पाण्यावर लांबच लांब तांबडा पट्टा पडतो आणि छायाचित्रें काढण्याची गर्दी उडते. नांदेडच्या माणसानें येथें थोडा अधिक वेळ थांबावें. हें पाणी गोदावरीचें आहे. येथून सुटलें तर तें नाशिक शहरांतून नांदूर-मधमेश्वरास, तेथून पैठणच्या जायकवाडींत आणि पुढें आपल्या विष्णुपुरीच्या जलाशयांत यावयाचें. तें किती सुटावें हा वाद गेलीं कित्येक वर्षें न्यायालयांत आणि सरकार दरबारीं चालला आहे. २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील पाण्याचें न्याय्य वांटप व्हावें असें ठरलें. मेंढेगिरी समितीनें २०१३ सालीं त्याचें कोष्टक मांडून दिलें : १५ ऑक्टोबरला जायकवाडींत पासष्ट टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरच्या धरणांनीं खालीं पाणी सोडावें. त्यानंतर जेव्हां जेव्हां पाणी सोडण्याची वेळ आली तेव्हां तेव्हां नाशिक-नगरच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला आणि मराठवाड्यानें हक्क सांगितला.

येथें न्यायानें बोलावयाचें तर एवढें म्हटलें पाहिजे कीं या पाण्याचा मोठा भक्षक द्राक्षवेल नव्हे. ठिबकनें पाणी घेणारा वेल, त्यांतही मद्याच्या जातींचा, उसाच्या मानानें थोडक्यांत भागवितो. २०१६ च्या एप्रिलमध्यें लातूरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें; पहिल्या गाडीनें पांच लाख लिटर पाणी आलें. तें ज्या सांगली जिल्ह्यांतून आलें तोही द्राक्षांचाच जिल्हा. आणि मांजरेच्या कांठीं तेव्हांही ऊस उभा होता. तेव्हां जलाशयाच्या कांठावर उभें राहून नाशिककरांवर रागावण्याआधीं लातूर-नांदेडच्या पाहुण्यानें आपल्या शिवाराचीही आठवण ठेवावी. पण रागावूंच नये असें मात्र मी म्हणणार नाहीं. मार्च-एप्रिलांत ज्यांच्या नळास आठवड्यांतून एकदां पाणी येतें त्यांना त्या तांबड्या पट्ट्याकडे निव्वळ सौंदर्य म्हणून पाहतां येत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं नाशिक सोडून त्र्यंबकेश्वरास जावें. अंतर सुमारें तीस किलोमीटर. घरांतील वडील मंडळींच्या दृष्टीनें सहलीचें सार्थक येथें होतें, आणि आदल्या दिवशींच्या कारखान्याबद्दलची त्यांची नाराजीही येथेंच मावळते. दर्शन आणि कुशावर्त एवढें सर्वांसाठीं. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या ज्यांच्या गुडघ्यांस परवानगी आहे त्यांनींच चढाव्या. या डोंगराची एक भौगोलिक गंमत मुलांना नकाशा काढून दाखवावी. ब्रह्मगिरीवर निघालेली गोदावरी पूर्वेस वळून, जवळजवळ १४६५ किलोमीटर चालून, बंगालच्या उपसागरास मिळते. आणि याच त्र्यंबकच्या डोंगरांतून निघणारी वैतरणा पश्चिमेकडे उतरून अरबी समुद्र गांठते. येथपर्यंत आपण गोदेच्या मागानें चढत आलों. आतां वैतरणेच्या बाजूनें समुद्राकडे उतरावयाचें.

उतरतांना एका घाटाच्या अंतरांत सृष्टि बदलते. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील चिंक्वे तेर्रे नांवाच्या पांच खेड्यांत द्राक्षांचे मळे समुद्राच्या अगदीं कड्यावर, दगडी बांधांच्या पायऱ्यांवर, आहेत. आपल्याकडे तसें कां नाहीं? कारण मध्यें सह्याद्रि उभा आहे. समुद्राकडून येणारे ढग तो आपल्या पश्चिम अंगावर रिकामे करतो. पूर्वेकडे नाशिकच्या पठारावर उरतें तें माफक पर्जन्य आणि कोरडी हवा, आणि द्राक्षास हवें तेंच असतें. कोंकणच्या दमट हवेंत हा वेल लावला तर केवडा आणि भुरी हे दोन रोग घडापर्यंत पोंचूंच देणार नाहींत. म्हणून आपली द्राक्षभूमि घाटावर, आपला सागर घाटाखालीं, आणि दोहोंमध्यें मोखाडे-जव्हारचें रान.

या रानांतून मोटारीनें भरकन् निघून जाण्याचा मोह आवरावा. जव्हार ही मुकणे घराण्याच्या आदिवासी संस्थानाची जुनी राजधानी. तेथील जयविलास राजवाडा रस्त्याच्या वांकडीवर असला तरी पाहावा. हवा थंड, गांव लहान, दुपारचें जेवण साधें मिळतें. मोखाडे तालुक्यांत पाऊस धो धो पडतो, मुंबईस पाणी देणारें मध्य वैतरणा धरण याच तालुक्यांत २०१४ मध्यें पुरें झालें, आणि तरीही उन्हाळ्यांत येथील पाड्यांवरच्या स्त्रिया हंड्यासाठीं मैलभर चालतात. गंगापूरच्या कांठावर ज्याला आपल्या गांवचा नळ आठवला असेल त्याला हें दृश्य समजावून सांगावें लागणार नाहीं.

सायंकाळपर्यंत डहाणूस पोंचतां येतें. मुक्काम डहाणूस किंवा, त्याहून बरें, उत्तरेस बोर्डीस करावा आणि तेथें दोन रात्री हलूं नये. अलिबाग, मुरूड आणि गणपतीपुळें हीं नांवें या यादींत घुसविण्याचा प्रयत्न कोणी तरी करीलच. चिंक्वे तेर्रेसही लोक असेंच करतात. फिरेंझेहून सकाळीं येऊन पांचही खेडीं एका दिवसांत उरकतात, आणि संध्याकाळीं त्यांच्या स्मरणांत उरतो तो बोगद्यांतून जाणाऱ्या आगगाडीचा अंधार. बोर्डीचा किनारा सपाट, लांबच लांब, सुरूच्या झाडांनीं कांठलेला आहे. पाणी उथळ असल्यामुळें ओहोटीस समुद्र फारच मागें जातो, आणि हौसेनें आलेल्या पाहुण्यास चिखलवजा वाळूखेरीज कांहीं दिसत नाहीं. यावर उपाय घरच्या पंचांगांत आहे. कोंकणांतील मंडळी तिथीची पाऊणपट करतात : अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळीं एक आणि सायंकाळीं एक. पौर्णिमा-अमावास्येस भरती मध्यान्हाच्या आसपास येते आणि सूर्यास्ताच्या वेळीं समुद्र दूर गेलेला असतो. हा हिशेब मुंबईकडील किनाऱ्याचा. डहाणूकडे थोडा पुढें-मागें होतो, पण ढोबळ मानानें उपयोगी पडतो. मुलांनीं सायंकाळीं लाटांत खेळावें असें वाटत असेल तर सप्तमी-अष्टमीच्या सुमारास तेथें असावें.

या भागाचें फळ म्हणजे चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला आहे, आणि आपल्या मुक्कामाच्या दिवसांत बागा फळांनीं लगडलेल्या असतात. बोर्डीस चिकूचीही वाईन करतात. चव घेण्यास हरकत नाहीं, पण माझें मत विचाराल तर चिकू चिकूच राहूं द्यावा. एखादी दुपार वारली चित्रकलेसाठीं राखून ठेवावी. तांदळाच्या पिठानें शेणामातीच्या भिंतीवर काढावयाच्या या चित्रांना जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यांतले. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांनीं आणखी एक आठवण ठेवावी : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं खेड्यांतील बालशिक्षणाचें कार्य बोर्डीसच आरंभिलें, आणि पुढें तें १९५७ मध्यें जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलें. आज आपल्या गल्लींत ज्याला बालवाडी म्हणतात तिचें एक मूळ या समुद्रकांठीं आहे.

येथें एक सूचना अगदीं स्पष्ट शब्दांत देतों. बोर्डीपासून गुजरातची हद्द हांकेच्या अंतरावर आहे. संजाणचा पारशी स्तंभ पाहावा असें कोणास वाटेल, आणि तें वाटणें योग्यच आहे. परंतु गुजरातेंत दारूबंदी आहे, आणि नाशकाहून भेट म्हणून घेतलेली बाटली मोटारींत असतां हद्द ओलांडणें हा गुन्हा होतो. मोटारवाला जवळचा रस्ता म्हणून तिकडून वळवूं म्हणाला तरी वळूं देऊं नये. बाटली घ्यावयाचीच असेल तर एखादीच घ्यावी, पावती जपावी आणि संजाणला जातांना ती मुक्कामाच्या खोलींत ठेवावी.

लातूरकडील श्रोत्यांसाठीं हा सारा क्रम उलटा करणें सोयीचें. लातूरहून मुंबईस रात्रीची गाडी आहे. तिनें सकाळीं मुंबई गांठून उपनगरी किंवा लांब पल्ल्याच्या गाडीनें डहाणूस यावें, आधीं समुद्र पाहावा, मग जव्हारमार्गें त्र्यंबक-नाशिक करून परततांना तपोवनानें परभणीस उतरावें आणि पुढें मोटारीनें लातूर. यांत एक फायदा आहे : द्राक्षें शेवटीं येतात, त्यामुळें दोन पेट्या घरापर्यंत ताज्या पोंचतात. नांदेडच्या मंडळींना तो लाभ नाहीं. त्यांनीं नाशकास फळ विकत घेऊं नये, तें समुद्रापर्यंत पोंचेतों नासतें. त्याऐवजीं बेदाणे घ्यावेत, आणि फळाची हौस बोर्डीच्या चिकूंवर भागवावी.

परतीसाठीं नांदेडकरांनीं डहाणूहून दुपारची गाडी धरून दादरास उतरावें आणि रात्रीं देवगिरी एक्सप्रेसनें निघावें. मधले चार तास मोकळे ठेवावेत, कारण पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे यांच्यामधील दादरचा पूल सामानासह ओलांडणें हा या सहलींतील एकमेव खरा चढ आहे. शयनाच्या जागा आधींच राखून ठेवाव्यात. फेब्रुवारींत लग्नसराई असते. चिकू कडक पाहून घ्यावेत आणि पेटी बाकाखालीं न ठेवतां वर ठेवावी. सकाळीं नांदेडास उतराल तेव्हां तीं फळें नुकतीं कोठें मऊ पडूं लागलेलीं असतील.